सुटी सिगारेट बंद झाली तर अर्धी तलफ तिथेच मोडेल

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जागतिक तंबाखूविरोधी दिनाच्या, म्हणजे 31 मेच्या, बातम्या आपल्या अंकात सविस्तर आल्या. प्रभातफेरी, सामूहिक शपथ, सुट्टी असूनही पोस्टर घेऊन उभी केलेली मुलं, व्यासपीठावर हार घातलेले पाहुणे. त्यातले दोन पाहुणे माझी रोजची गिऱ्हाइकं आहेत, म्हणून फोटो जरा जास्तच निरखून पाहिला.

माझी टपरी धोपाव्याला, दाभोळची फेरीबोट लागते त्या धक्क्याच्या वरच्या अंगाला. चहा, वडापाव, कोकम सरबत, बिस्किटांचे पुडे आणि सिगारेट-बिडी. बरीच वर्षं मी स्वतःही ओढत होतो. आता ओढत नाही, विकतो मात्र. लोक हसतात, हसू देत. पण ओढणाऱ्याला आणि सोडणाऱ्याला, दोघांनाही रोज इतक्या जवळून बघणारा माणूस तुमच्या त्या व्यासपीठावर नव्हता, म्हणून हे पत्र.

महाराष्ट्रात सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी आहे. आजची नाही, सप्टेंबर 2020 पासूनची. कोरोनाच्या धामधुमीत आदेश निघाला आणि त्या धामधुमीतच विरून गेला. धक्क्यावर दिसेल त्याला मी विचारून बघितलं, कुणाला पत्ता नव्हता. आदेशामागचं कारण साधं होतं: इशारा पाकिटावर छापलेला असतो, सुटी घेणाऱ्याला तो दिसतच नाही. मला विचाराल तर तंबाखूवरच्या सगळ्या नियमांत हा एकच कुणीतरी टपरीवर उभं राहून लिहिल्यासारखा वाटतो.

सिगारेटचं पाकीट एकदा हातात घेऊन बघा. पुढून-मागून 85 टक्के जागा त्या फोटोने आणि इशाऱ्याने व्यापलेली असते, एप्रिल 2016 पासून तसं आहे. सप्टेंबर 2018 पासून त्यावर आणखी एक ओळ आली, आजच सोडा, आणि सोबत नंबर, 1800-11-2356. फोन फुकट लागतो. ही सेवा 2016 मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली, पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र झालं. आता गंमत बघा. तो फोटो आणि तो नंबर दिवसभर कोण बघत बसतो? मी. पाकीट असतं माझ्या काउंटरखाली, गिऱ्हाइकाच्या बोटांत येते ती नुसती पांढरी कांडी. ज्याच्यासाठी नंबर छापला त्याला तो कधी दिसत नाही आणि टपरीवाल्याला पाठ होतो. मी सोडली तीही अशीच, रोज उठून तोच नंबर डोळ्यांसमोर, एक दिवस लावला.

दुपारी धक्क्यावर सामसूम असते तेव्हा लावला. बाई मराठीत बोलल्या. पहिलाच प्रश्न, सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिली ओढता? म्हटलं, ज्या काडीने स्टोव्ह पेटवतो त्याच काडीने. बाई हसल्या नाहीत, लिहून घेतलं. या एका उत्तरावरून सवय किती खोल आहे ते त्यांना कळतं. मग सोडायची तारीख ठरवून घेतली आणि पुढे त्यांचेच फोन यायला लागले, कसं चाललंय म्हणून. माझ्या सख्ख्या भावाने तेवढ्या वेळा विचारलं नाही.

त्यांनी जे समजावलं ते थोडक्यात सांगतो. धूर आत घेतला की दहा-एक सेकंदांत निकोटिन डोक्यात पोचतं, आणि रक्तातलं निम्मं साधारण दोन तासांत उतरतं. उतरलं की शरीर मागायला लागतं. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट, तीन-चार आठवड्यांत धार जाते. पण एकेक तलफ सुटी काढून पाहिली तर ती पाचेक मिनिटांची. माणसाला वाटतं, ही अशीच वाढत जाणार आणि आपण फुटणार. तसं होत नाही. ती चढते, आणि ओढली नाही तरी उतरते.

हे मी बोटीवर रोज बघत होतो, फक्त त्याचा अर्थ लावला नव्हता. माणूस बाइकवरून उतरतो आणि आधी खाडीकडे बघतो. बोट मध्यावर असली की हात खिशाकडे. "दे रे एक." लायटर मी काउंटरला सुतळीने बांधून ठेवलाय, त्यामुळे पेटवायला मान वाकवावी लागते. वडिलांच्या वेळी तिथे काथ्याचा सुंभ टांगलेला असायचा, दिवसभर धुमसत. दोन झुरके होतात, एक डोळा बोटीवर. रॅम्पची साखळी खडखडली की अर्धी कांडी चपलेखाली आणि गाडी चालू. बोटीत ओढता येत नाही. सार्वजनिक ठिकाणी आणि सार्वजनिक वाहनात ओढायला 2 ऑक्टोबर 2008 पासून बंदी आहे, दंड दोनशे रुपयांपर्यंत. आता ज्याला माझ्याकडे यायला सवडच मिळाली नाही तो तसाच चढतो, कठड्याला धरून चुळबुळत. दहा-पंधरा मिनिटांत दाभोळ येतं. उतरून तो थेट बाजारात जातो. मघाशी जिच्यासाठी जीव कासावीस झाला होता ती त्याच्या ध्यानातही नसते.

रोज ये-जा करणारे एक मास्तर आहेत, त्यांनी याचा बरोबर उपयोग केला. तलफ आली की कठड्यापाशी जाऊन उभे राहायचे, पाण्याची बाटली तोंडाला लावायचे आणि पलीकडची माडांची रांग जवळ येईपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. घरी असले की ओटीवरून विहिरीपर्यंत फेऱ्या. त्यांची सुटली.

म्हणजे तलफ पाच मिनिटांची, आणि सुटी सिगारेट हाताच्या अंतरावर. घोडं नेमकं इथे पेंड खातं. अख्खं पाकीट घ्यायचं झालं तर मोठी नोट मोडावी लागते. शर्टाचा खिसा फुगतो, घरी पोरीच्या नजरेला पडतं, बायको कपडे धुताना काढून समोर ठेवते. एवढा सगळा विचार करण्यात माणसाची दोन-तीन मिनिटं जातात आणि तोपर्यंत बोट लागते. सुटीला विचारच लागत नाही. चहाचे पैसे देताना परत आलेल्या चिल्लरमध्ये ती येते.

सोडलेली माणसं परत लागतात ती याच वाटेने. मी अजून एकाही सोडलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पाकीट मागताना पाहिलेलं नाही. तो येतो, इकडे-तिकडे बघतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "एकच." गणपतीत तर विचारू नका. मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, रात्रभर भजन, कुठे जाखडी. ढोलकीवर हात पडलेला असतो, मध्ये चहा फिरतो, आणि अंगणाबाहेर चार जण उभे असतात. "एक ओढलीस तर काय होतंय रे? वर्षातून एकदा तर भेटतो." आषाढापासून तोंडाला न लावलेला माणूस त्या रात्री एक ओढतो, सकाळी माझ्याकडे येऊन दुसरी मागतो. अनंत चतुर्दशीपर्यंत त्याचं पाकीट सुरू झालेलं असतं.

मागच्या गणपतीच्या आधी मी सुटी द्यायची बंद केली. आरडाओरडा झाला. "फार शहाणा झालास," "सोडलीस तर काय संत झालास काय," इथपासून ते "मग वरच्या टपरीवर जातो," इथपर्यंत. गेलेही. धंद्याला खार लागला हे खरं आहे. कारण सुट्यात एका कांडीमागे पाकिटापेक्षा जास्त सुटतात आणि सिगारेटला आलेला माणूस चहा घेतो, चहाबरोबर वडा घेतो. पण वरच्या टपरीपर्यंत चढण आहे. काही जण ती चढत नाहीत, हेही मी बघतो.

याच्यावर एक आक्षेप मला दोघा-तिघांनी घेतला आणि तो खोटा नाही. कमी करत आणणारा माणूस मुद्दाम सुटी घेतो. पाकीट जवळ असलं तर तो संपवतो, दोनच घेतल्या तर दोनच ओढतो. अशी माणसं माझ्याकडेही आहेत, त्यांना पाकीट घ्यायला लावलं तर त्यांचं वाढू शकतं. मान्य. पण अशा कमी करणाऱ्यांपैकी पुढे पूर्ण सुटलेले माझ्या नजरेसमोर फार थोडे आहेत, बहुतेक जण दोनावरून चारावर आणि चारावरून सहावर परत जातात. आणि दुसऱ्या पारड्यात आहेत ती पोरं. दहावी-बारावीचं कुठलंही पोरगं पहिली सिगारेट पाकिटाने घेत नाही. "अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री हा दंडनीय गुन्हा" असा बोर्ड माझ्या डोक्यावर आहे. पण तिघांत एक सुटी घेणारी पोरं मोठ्या भावाला पुढे करतात. पंधरा जूनला शाळा उघडतील, पुन्हा तेच. त्यांच्यासाठी सुटी बंद होणं हाच खरा बोर्ड.

बोर्डावरून आठवलं. मागे एका कार्यालयातून काही मंडळी आली. बोर्ड लावला का, फोटो काढू द्या, इथे सही करा. सुट्यांचा उघडा डबा समोर काउंटरवर होता, त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. चहा झाला. जाताना त्यांच्यातल्या एकाने मागे वळून एक सुटी मागितली.

आता तलफेचं. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण शपथ देणारे यातलं काही सांगत नाहीत आणि सोडणारा माणूस याच गोष्टींनी घाबरून परत फिरतो.

पहिली गोष्ट पोटाची. "बिडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही," हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा "राम राम" ऐकलं नसेल. यात तथ्य आहे. निकोटिनने आतडी हलतात, ते बंद झालं की काही दिवस बद्धकोष्ठ होतो. मलाही झाला. माणसाला वाटतं आपल्याला सिगारेट सोसते, सोडणं सोसत नाही. तसं नसतं, आतडी काही आठवड्यांत आपली आपण चालायला लागतात. तोपर्यंत भरपूर पाणी, पालेभाजी, केळी, सकाळी पेज आणि जरा पायी फिरणं. खोकलाही सुरुवातीला वाढतो, कुणाला तोंड येतं. ते बघून बायका म्हणतात, सोडल्यापासून आजारी पडला. आमच्या हिने तर चौथ्या-पाचव्या दिवशी माझी चिडचिड बघून हात जोडले, "ओढा बाबा एकदाची, पण घरात शांतता राहू दे."

दुसरी गोष्ट चहाची, आणि ही मला अजिबात ठाऊक नव्हती. सोडल्यावर रात्रीची झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं. वाटलं, झालं, आता हृदयाचं काहीतरी. फोनवर बाईंनी विचारलं, चहा किती? टपरीवाल्याला हा प्रश्न विचारू नये. सिगारेटच्या धुराने लिव्हर चहातलं कॅफिन लवकर लवकर संपवत असतं, धूर बंद झाला की तेच कॅफिन जास्त वेळ रक्तात राहतं. म्हणजे तेवढाच चहा जवळजवळ दुपटीने लागतो. माझा चहा निम्मा केला आणि झोप परत आली. धडधड कुणाची थांबली नाही तर त्याने डॉक्टरला दाखवावंच, पण आधी कप मोजावेत.

तिसरी हातांची. निकोटिन काही दिवसांत अंगातून निघून जातं, बोटं मात्र काहीतरी मागत राहतात. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. मी लसूण सोलायला घेतला. तलफ आली की एक गड्डी. त्या काळात माझ्याकडे वड्यापेक्षा चटणी जास्त होत होती आणि गिऱ्हाइकं खूश होती. नखं दुखतात, बोटांना वास राहतो, आणि त्या वासाच्या बोटांनी सिगारेट धरायची इच्छाच होत नाही, हा एक वरकड फायदा.

आणि निकोटिनचं च्युइंगम. माझा मेहुणा खलाशी आहे. सध्या 1 जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर काढलेल्या, जाळी विणायला बसलेली माणसं दिवसभर बिडी ओढतात, कारण हाताला काम आणि तोंडाला रिकामपण. मी त्याला म्हटलं, हीच वेळ आहे, दर्यावर परत जाईपर्यंत पहिले वाईट आठवडे सरलेले असतील. त्याने शृंगारतळीच्या मेडिकलमधून गम आणलं आणि पोरांच्या च्युइंगमसारखं कचाकचा चावलं. उचक्या लागल्या, घशाशी जळजळलं. वर माझ्याच टपरीवरचं गार कोकम सरबत प्यायला आणि म्हणाला, "फसवतात सगळे, काय उपयोग नाही." गम चावायचं नसतं. दोन-चार वेळा हळू चावायचं, तिखट किंवा झिणझिण्या लागल्या की थांबायचं आणि गालात, हिरडीच्या कडेला ठेवून द्यायचं. चव गेली की पुन्हा जरा चावायचं. असं अर्धा तास. निकोटिन गालातून आत जातं, गिळलं तर पोटात जाऊन त्रास देतं. आणि आंबट काही घेतलं असेल तर गालातून ते नीट शोषलंच जात नाही, म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना कोकम, लिंबू सरबत, सोलकढी, कॉफी, काही नको. आमच्या कोकणात हे वेगळं सांगायची गरज आहे, कारण आमच्या ताटात आणि ग्लासात आंबट नाही असा दिवस नसतो. दोन मिलिग्रॅमचं गम चिठ्ठीशिवाय मिळतं. उठल्याउठल्या अर्ध्या तासात ज्याला पहिली लागते त्याला बहुधा चारचं लागतं, त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी हवी. हृदयाचा त्रास असलेल्याने आणि गरोदर बाईने विचारल्याशिवाय घेऊ नये. मेहुण्याला हे सगळं नीट सांगितल्यावर त्याने परत सुरू केलंय. काय होतं ते होड्या लोटतील तेव्हा कळेल.

दाभोळचे चाचा रमजानात पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत एक झुरका घेत नाहीत, भर उन्हात जाळी ओढतात. आमचे लोक श्रावणात मासळी सोडतात, दारू सोडतात, सिगारेट तेवढी उपासाला चालते! कुठल्या पोथीत लिहिलंय ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

कुणी म्हणेल, सिगारेटचं एवढं काय घेऊन बसलात. बरोबर आहे. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले आणि तंबाखू खाणारे-लावणारे 24.4 टक्के. बायकांत ते 16.6 टक्के. आमच्याकडे ती मिश्री. बायका माझ्या टपरीवर येत नाहीत. आठवडा बाजारातून पानाची तंबाखू कागदात बांधून आणतात, तव्यावर भाजतात, कुटून डबीत भरतात. त्या कागदावर ना फोटो, ना नंबर. म्हणजे तिथेही गोष्ट तीच, जे सुटं विकलं जातं त्याच्यावर सांगणारं कुणी नाही. आणि 1800-11-2356 हा नंबर मिश्रीवालीलाही चालतो, तिने फोन लावला तर तिच्याशीही तसंच बोलतात. तिची तलफ काही वेगळी नसते, सकाळी मिश्री लावल्याशिवाय डोकं चढतं ते निकोटिनमुळेच.

माझं म्हणणं असं नाही की उद्यापासून टपऱ्यांवर धाडी घाला. दंडाच्या पावत्या फाडायला लागले की काही दिवसांनी पावती फाडायची थांबते आणि हात पुढे येतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. दोन्ही धक्क्यांवरच्या आणि एसटी स्टँडवरच्या टपरीवाल्यांनी आपसात ठरवून सुटी बंद केली तर कुणा एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाणार नाही. हे मी माझ्या शेजाऱ्यांशी बोलतोय, दोघे तयार आहेत, एक "बघू" म्हणालाय. आरोग्य खात्याला एवढंच सांगणं की ग्रामीण रुग्णालयात दोन मिलिग्रॅमचं गम ठेवा आणि ते कसं वापरायचं हे सांगणारी एक सिस्टर ठेवा. शपथेच्या बॅनरच्या खर्चात ते बसेल असा माझा अंदाज आहे.

आणि एक मागणं आपल्याकडे. आपल्या पेपरात रोज भरती-ओहोटीच्या वेळा येतात. आमच्याकडे पेपर आला की पहिल्यांदा तोच कोपरा उघडला जातो, खलाशी असो, बोटीवाला असो नाहीतर कालवं काढायला जाणारी बाई असो. त्याच चौकटीत, वेळांच्या खाली, तो नंबर रोज छापा. मोठ्या अक्षरात नको, त्याच आकारात चालेल. पावसाळ्यात होड्या वर आहेत आणि माणसं घरी आहेत, तेव्हा या महिन्यापासूनच सुरू करता आलं तर बघा.

कळावे,
आपला,
धोपावे धक्क्यावरचा एक टपरीवाला
ता. गुहागर, जि. रत्नागिरी

(नाव छापू नये ही विनंती. वरच्या टपरीवाल्याशी अजून बोलणी चालू आहेत.)